भुजंगप्रयात पॅसेंजर

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून रेल्वे. निर्णय झाला.
तसा तो काल दुपारीच झाला. हौशी मंडळाचे चिटणीस पेशाने दाताचे डॉक्टर. माझी दाढ साफ करता करता म्हणाले, मार्चअखेरच्या प्रदर्शनात तुम्ही काय मांडणार? माझ्या तोंडात कापसाचे दोन बोळे आणि एक नळी. मी रेल्वेबद्दल काहीतरी बोललो. त्याचा अर्थ त्यांनी ‘चालती रेल्वे, नक्की’ असा घेतला आणि नाव लिहून मोकळे झाले. आता मागे हटणं माझ्या स्वभावात नाही.
टेबल नंबर एक. सभागृहाच्या दारातून आत शिरलं की थेट समोर. अट एकच: गाडीने हात न लावता सलग दहा फेऱ्या मारायच्या. आठवडाभर आधी चाचणी.
दहा काय, शंभर मारील.
उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

५ जानेवारी. सकाळी ८.४५
थंडी होती.
काय करायचं हा प्रश्नच नाही. ‘ते’ स्टेशन. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं. टपाल खात्यातली माझी पहिली नोकरी, पहिला प्रवास, हातात सातवीच्या मराठीच्या पुस्तकातून सोडवून वेगळा शिवून घेतलेला कवितांचा भाग. गाडी एका चिमुकल्या स्टेशनाच्या अलीकडे अचानक उभी राहिली. तिथे ती थांबायचीच नव्हती. कारण कळलं नाही. नियती. प्लॅटफॉर्मच्या टोकाला स्टेशनमास्तरांची मुलगी. दोन वेण्या. तिने हात वर केला आणि हलवला. माझ्याकडे बघून. किती वेळ! मग गाडी निघाली.
पुढच्या रविवारी मी त्याच गाडीने गेलो. त्याच्या पुढच्याही. वर्षभराने लग्न.
ही आत्ता स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजते आहे. त्या हात हलवण्याबद्दल आम्ही चव्वेचाळीस वर्षांत एक शब्द बोललेलो नाही. काव्याची खातरजमा करायची नसते.
प्रदर्शनाच्या दिवशी ही टेबलापुढे येईल, स्वतःलाच हात हलवताना बघेल, डोळे भरून येतील. त्या क्षणी मी एक वाक्य बोलणार. वाक्य ठरवायचं आहे.
तोवर कडक गुपित.

६ जानेवारी
पाच फूट बाय तीन फूट फळी आणली. हिच्या शिलाई मशीनवर ठेवली, कारण उजेड तिथेच येतो. हिने विचारलं, हे किती दिवस? म्हटलं, थोडे. विचारलं, आहे काय पण? म्हटलं, गुपित. तर म्हणते, रेल्वे का?
कुणीतरी फोडलं. दातवाल्यांवर संशय.
(दुकानाच्या पिशवीवर इंजिनाचं हातभर चित्र होतं, हे संध्याकाळी लक्षात आलं.)

११ जानेवारी
रूळ बसवले. लांबट गोल. इंजिन आणि तीन डबे पहिल्या फटक्यात धावले. ही दारातून म्हणाली, झालं की हो, मग आता मशीन मोकळं करा.
हिला काय सांगू. गाडी धावते, पण बोलत नाही. पंख्यासारखी नुसती सूं सूं. त्या दिवशीची गाडी वृत्तात बोलत होती. भुजंगप्रयात! लगागा लगागा लगागा लगागा. एक आखूड, दोन लांब. सातवीत याच वृत्तातली कविता म्हणून मी शाळेत दुसरा आलो होतो. स्पर्धक दोनच होते ही गोष्ट वेगळी.
खऱ्या गाडीचा आवाज रुळांच्या सांध्यांतून येतो. म्हणजे सांधे वृत्तात कापले की झालं. आखूड अंतर, लांब, लांब. इतकं सोपं कुणाला सुचलं कसं नाही?

१२ जानेवारी. रात्री ८
एका चरणात बारा अक्षरं, चार चरण, अठ्ठेचाळीस. पूर्ण गोल म्हणजे एक श्लोक! दोन रूळ, म्हणून शहाण्णव काप. करवतीची तीन पाती मोडली. डाव्या अंगठ्याला पट्टी. पट्टी बांधताना ही काही बोलली नाही. म्हणजे प्रभावित झाली असावी.

१३ जानेवारी
गाडी चालत नाही. एक इंच जाते आणि बसते.
शेजारचे वायरमन आले. निवृत्त आहेत, पण ते अख्ख्या गल्लीला अजून मान्य नाही. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, उंदीर का? म्हटलं, मी. म्हणाले, साहेब, गाडीला वीज रुळांतून मिळते, आणि तुम्ही ती शहाण्णव ठिकाणी कापलीत. मी त्यांना भुजंगप्रयात समजावून सांगितला. लगागा म्हणून दाखवला. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, वीज कविता वाचत नाही हो.
प्रत्येक कापावरून बारीक तार डाग देऊन जोडतो म्हणाले. रोज संध्याकाळी दोन-तीन. मोबदला नको, फक्त काम चालू असताना म्हणून दाखवू नका.
विचित्र माणूस. पण हात चांगला.

२ फेब्रुवारी
स्टेशनची इमारत पूर्ण. पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या. निळं दार, बाजूने जाई, पुढे कारंजं.
ही म्हणाली, दार हिरवं होतं. म्हटलं, निळं. म्हणाली, सतरा वर्षं त्या दारातून ये-जा केली मी. आणि कारंजं कसलं? प्यायला पाणी नव्हतं तिथे, टँकर यायचा.
बायकांना तपशील लक्षात राहतात, मर्म निसटतं. दार निळंच ठेवलं. कारंजं थोडं लहान केलं, ते जागेअभावी.

३ फेब्रुवारी
ही सकाळी चहा ठेवता ठेवता: आणि शेळी कुठे आहे?
कुठली शेळी?
आमची. पांढरी, एक कान काळा. सगळं स्टेशन तिचंच होतं.
म्हटलं, कवितेत शेळी बसत नाही. तर म्हणते, स्टेशनात बसायची.
विषय संपवला.

९ फेब्रुवारी
मुलगी तयार केली. काडेपेटीच्या काड्या, वर मेण. दोन वेण्या काळ्या दोऱ्याच्या. वर केलेला हात चार वेळा तुटला, म्हणून जाड काडी लावली. उंची दारापेक्षा अंगठाभर जास्त आहे. हरकत नाही; हे भावनेचं माप.
ही डोकावली. म्हणाली, हा ट्रॅफिक पोलीस कोण?
गुपित आहे म्हणून गप्प बसलो. नाहीतर उत्तर होतं माझ्याकडे.

१० फेब्रुवारी
पहाटे पाचला उठायचा कार्यक्रम एक मार्चपासून. फेब्रुवारी हा मुळात अपुरा महिना.

१८ फेब्रुवारी. दुपारी ४
वायरमन चार दिवस लेकीकडे गेले आहेत. सत्तर काप जोडून झाले. आज त्यांच्या गैरहजेरीत मोठी गोष्ट साधली.
दुपारी पडल्या पडल्या आठवलं: यति! चरणात मध्येच एक विसावा असतो. कविता म्हणताना मास्तर तिथे बोट वर करायचे. त्या दिवशी गाडीसुद्धा मुलीसमोर अशीच विसावली होती. विसाव्याशिवाय श्लोक म्हणजे नुसती धावपळ.
म्हणून मुलीच्या बरोबर समोर इंजिनाच्या लांबीइतका रूळच काढून टाकला. जागी दोन लाकडी काड्या, चंदेरी रंगवून. ओळखू येत नाहीत. गाडी तिथे किंचित मंदावेल आणि आधीच्या वेगाच्या जोरावर पुढे निघून जाईल. अगदी यति.
लाकडातून वीज जात नाही हे मला ठाऊक आहे. मी अडाणी नाही.

१९ फेब्रुवारी
दोन्ही बाजूंनी प्लॅस्टरची बाग केली. खडी गोंदात पक्की बसवली. मुलगी बागेत रोवली. आता हे सगळं फोडल्याशिवाय त्या काड्या निघणार नाहीत. कलाकृतीला अशी निश्चिती हवी.

२३ फेब्रुवारी
वायरमन परतले. बाग बघून म्हणाले, छान. खाली काही केलं नाहीत ना? आणखी एक जरी काप सापडला तरी मी या घरात पाऊल ठेवणार नाही.
काप एकही केलेला नाही असं मी सांगितलं. हे अक्षरशः खरं आहे. रूळ कापला नाही, काढला.

१ मार्च. सकाळी ९
पहाटे जाग आली होती. नंतर पुन्हा डोळा लागला.

९ मार्च
शहाण्णवावी तार जोडली. गाडी सुरू! आवाज आला! पण इंजिनाची सहा चाकं, तीन डब्यांची चोवीस. सगळी एकदम बोलतात. कटाखडकटाटकाखड. वायरमन म्हणाले, यापेक्षा आमचा मिक्सर सुरात आहे.
मी थोडा वेळ विचार केला. हा मुक्तछंद आहे. मी कधीच जुनाट विचारांचा नव्हतो.
गाडी मुलीसमोर आली आणि थांबली. पूर्ण. वायरमननी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. मग त्यांनी नखाने काडी टोकरली. चंदेरी रंग निघाला.
ते उठले. चप्पल घालून गेले. ही मागून म्हणाली, चहा तरी घेऊन जा हो. नाही थांबले.

१२ मार्च
वायरमन आले. रागावले नव्हते म्हणे, गुडघा दुखत होता. म्हणाले, बाग फोडतो, अर्ध्या तासाचं काम. मी साफ नाही म्हटलं. मुलगी प्लॅस्टरमध्ये घोट्यापर्यंत आहे. ओढली तर मोडेल. म्हणाले, दुसरी करा. ‘दुसरी करा!’ काही माणसांना बोलताना कळत नाही आपण काय बोलतो आहोत.
त्यापेक्षा वेग वाढवू. जोरात आली की काड्यांवरून सरकून जाईल.

१३ मार्च
वेग वाढवला. इंजिन बागेत शिरलं. कारंजं गेलं.

१४ मार्च
कारंजं नसणंच ऐतिहासिकदृष्ट्या योग्य होतं.

२१ मार्च, शनिवार. चाचणी. दुपारी १
दातवाले चिटणीस वही-पेन घेऊन घरी आले. गाडी दहा फेऱ्यांत दहा वेळा मुलीसमोर थांबली. दहाही वेळा मी बोटाने पुढे सरकवली. चिटणीस म्हणाले, काका, सातत्य आहे हो तुमच्या गाडीत. मग वहीत बघत म्हणाले, एक नंबरचं टेबल बँकेच्या कॅशियरना देतो, त्यांचं काडेपेट्यांचं जहाज आहे. मी म्हटलं, ते तर हलतसुद्धा नाही! म्हणाले, पण हलणार असं ते म्हणालेले नाहीत.
मला शेवटचं टेबल. पाण्याच्या कूलरशेजारी. पाटी: ‘स्थिर प्रतिकृती’.
घरात सांगितलं, टेबल मीच बदलून मागितलं. तहान सगळ्यांनाच लागते, गर्दी तिकडेच असणार. ही म्हणाली, बरं.
हिच्या ‘बरं’मध्ये नेहमी काहीतरी असतं.

२७ मार्च. रात्री ९
वाक्य अजून ठरलेलं नाही. आत्तापर्यंतचे प्रयत्न:
‘तू हात हलवलास आणि माझं आयुष्य हललं.’ भूकंपासारखं वाटतं.
‘गाडी थांबली नव्हती, मी थांबलो होतो.’ चुकीचं आहे, गाडी थांबली होती.
‘बघ.’ हे त्यातल्या त्यात बरं. पण वृत्तात नाही.
ही दुपारभर हातात काहीतरी घेऊन शिवत बसली होती. मी आलो की पदराखाली. मशीन अडवल्याचा राग असेल.

२८ मार्च, शनिवार. प्रदर्शन, पहिला दिवस. रात्री ८.३०
चारपर्यंतच्या नोंदी कूलरजवळ बसून केल्या होत्या, त्या आधी उतरवतो.
१०.३० ते १: एकोणीस जण पाणी प्यायले. चौघांनी स्वच्छतागृह विचारलं. एका बाईने आपल्या मुलाला सांगितलं, हात लावू नकोस, बिघडलेली आहे.
१ ते ४: अकरा पाणी. एकाने पेला स्टेशनच्या छपरावर ठेवला.
जहाजापुढे ही गर्दी.
सव्वाचारला ही आली. वायरमन बरोबर. ही टेबलापुढे उभी राहिली. निळं दार बघितलं, जाई बघितली, मुलगी बघितली. गाडी नेमकी मुलीसमोर येऊन थांबलेली. यति! याहून योग्य क्षण नव्हता. मी घसा साफ केला.
तेवढ्यात हिने पिशवीतून शेळी काढली.
लोकरीची. पांढरी, एक कान काळा, पाय काड्यांचे. शिवत होती ती हीच. इंजिनाच्या पुढ्यात रुळावर आडवी उभी केली आणि पाणी पिणाऱ्या तिघांना म्हणाली, गाडी का थांबली सांगू? शेळी आडवी आली! मग बागेतल्या मुलीशेजारी स्वतःचा हात नेऊन हॅट हॅट करत हलवला, शेळी उचलली, आणि करंगळीने इंजिनाला असा काही धक्का दिला की कुणाला दिसलासुद्धा नाही. गाडी निघाली. लोक हसले. फिरून आली, थांबली. तोवर शेळी रुळावर हजर. पुन्हा हॅट हॅट.
पाच वाजता रांग जहाजापर्यंत. वायरमन मागून ओरडत होते, चला चला, शेळी आली, शेळी आली! कॅशियर स्वतः जहाज सोडून दोनदा बघून गेले. चिटणीसांनी ‘स्थिर’ शब्द पेनाने खोडला.
एवढ्यावर थांबलं असतं तर मी याला माझ्या कल्पनेचा विस्तार म्हटलं असतं.
पण रांगेतल्या एका आजींनी विचारलं, अगं, हे खरं घडलेलं का? ही म्हणाली, अगदी. माझ्या वडिलांचं स्टेशन हे. ते पलीकडे सिग्नलपाशी, मी एकटी, आणि ही बया रुळावर बसलेली. पॅसेंजर येऊन उभी. मी टोकाला जाऊन इतका हात हलवला, इतका हलवला, खांदा आठवडाभर दुखत होता. ढिम्म हलेना. आणि गाडीच्या खिडकीत एक मुलगा, हातात पुस्तक, तोंड उघडं टाकून बघतोय! खाली उतरून जरा हाकलावी, तर ते नाही. बसला आपला उंटावरून शेळ्या हाकत.
आजी म्हणाल्या, मग त्या मुलाचं काय झालं?
ही म्हणाली, तो काय, पाणी पितोय.
मी पाणी पीत होतो. तो पेला संपवला. मग आणखी एक प्यायलो.

२९ मार्च, रविवार
दिवसभर शेळी हिने हाकलली. मी फक्त बटण दाबत होतो. वायरमन म्हणाले, साहेब, आज तुमचं काम बिनचूक झालं.
संध्याकाळी बक्षिसं. पहिलं जहाजाला. उत्तेजनार्थ आम्हाला. प्रमाणपत्रावर चिटणीसांच्या अक्षरात: ‘शेळी (व रेल्वे)’. कंसात मी.

३० मार्च. सकाळी ११
फळी पलंगाखाली गेली. मशीन मोकळं. ही पडदा शिवते आहे. शेळी रेडिओवर, प्रमाणपत्राला टेकून.
मन शांत आहे. पहिल्या रविवारी शेळी होती, मान्य. नियतीला चार पाय असू शकतात. पण मी त्याच्या पुढच्या रविवारीही गेलो होतो. त्या दिवशी गाडी थांबली नव्हती. तरी ही टोकाला उभी होती आणि हात हलवत होती. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. वाक्याची गरजच नाही. हिशेब सरळ आहे. फक्त ती शेळी लगेच विकली होती, एवढं एकदा कळलं की झालं.
सहज विचारल्यासारखं विचारलं, ती शेळी किती दिवस होती गं तुमच्याकडे?
ही मशीन न थांबवता म्हणाली, बारा वर्षं. का हो?
म्हटलं, काही नाही.
बारा वर्षं. म्हणजे दर रविवारी होती. पण दर रविवारी रुळापाशीच असेल असं काही नाही. हे स्पष्ट विचारायचं ठरवलं आहे. आज नको, हिला पडदा पुरा करायचा आहे. उद्या पहाटे पाचला, चहाच्या वेळी.
किंवा परवा.